बर्फातली भावकी

सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस टीव्ही, पेपर, मोबाइल सगळं बंद केलं, तेव्हाच मी ओळखलं की आता आपली धडगत नाही. मामंजींना काळा चष्मा लावून गप्प बसायला सांगणं म्हणजे कोंबड्याला पहाटे सुट्टी देण्यासारखं आहे. उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, पुसायचाही नाही. दिवसातून सहा वेळा थेंब. नवऱ्याची सेकंड शिफ्ट, आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे धरलेले. रजा कोणी टाकायची हे कोणी विचारलंसुद्धा नाही, मी टाकली.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी मला अकरा वेळा विचारलं, "किती वाजलं?" बाराव्या वेळेला माझं डोकं सटकलं. माझं डोकं लवकर सटकतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते माझ्या माहेरावर घालतात. मी म्हणाले, "मामंजी, गोष्ट सांगू का? चिऊकाऊची?" मी टोमणा मारला होता. ते सरळ म्हणाले, "सांग की."

आता आली का पंचाईत. मला गोष्टी येत नाहीत. मी निघोज्याजवळच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे, मला बेअरिंगचे दर येतात. पण कपाटात मिक्सरच्या खोक्याखाली एक पुस्तक होतं. आमच्या कंपनीचे मालक उत्तरेकडच्या थंड मुलखातले. तिथून आलेला एक साडेसहा फुटी साहेब तीन वर्षं इथे राहिला, मिसळ खाऊन लालबुंद व्हायला शिकला आणि परत गेला. निरोपाला आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं, त्याने आम्हाला प्रत्येकी एक पुस्तक दिलं. म्हणे तिकडे नाताळात एकमेकांना पुस्तकं द्यायची आणि पांघरुणात शिरून ती वाचत पडायचं, अशी रीत आहे. वसंतातल्या सणाला तर काही लोक डोंगरावरच्या लाकडी घरात जाऊन खुनाच्या कादंबऱ्या वाचतात. आमच्याकडे सणाला श्रीखंड असतं, यांच्याकडे खून. आमच्या अकाउंटवाल्याने पुस्तक उलटं धरून झटकून पाहिलं, आत पाकीटबिकीट आहे का म्हणून.

माझ्या वाट्याला आलं ते विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. हजार वर्षांपूर्वी जहाजात गुरंढोरं घालून आइसलंड नावाच्या बेटावर जी कुटुंबं गेली, त्यांच्या पुढे दोनेकशे वर्षांनी लिहून ठेवलेल्या गोष्टी. मी दोन प्रकरणं वाचून सोडलं होतं. कारण तिथे काही घडायच्या आधी चार-चार पानं नुसतं हेच: अमका तमक्याचा मुलगा, तमका ढमक्याचा, ढमक्याची बहीण दिली होती अमक्या खोऱ्यात, तिचा दीर लंगडा. अरे, पण गोष्ट कुठे आहे?

मी वाचत गेले आणि जमेल तसं मराठीत सांगत गेले. मला वाटलं, दोन पानांत म्हातारा घोरायला लागेल. तर मामंजी ताठ बसले.

"थांब, थांब. त्या लंगड्याची आजी म्हंजी जहाजवाल्याची भाची?"

मी मागची पानं चाळली. "हो."

"मग त्यो जहाजवाल्याला मामा न्हाई म्हणणार. पणजोबाच्या नात्यातला झाला. म्होरं वाच."

ज्या वंशावळीने मला पळवून लावलं होतं, तिच्यावर हा माणूस लट्टू झाला. नावं माझ्या जिभेवर बसेनात, सगळी एकाच साच्यातली, म्हणून आम्ही ती टाकून दिली. जहाजवाल्याचा थोरला, जहाजवाल्याचा धाकटा, लंगडा, वढ्याकडचा, अशी मामंजींनी त्यांची सोय लावली. दुसऱ्या दिवशी मी मधूनच सुरू करायला गेले, तर हात वर. "पयल्यापासनं म्हण. कुणाचा कोण त्ये आधी." रोज तीन वाजता आधी ती वंशावळीची सगळी खातेफोड म्हणायची आणि मगच कालच्या ओळीवर जायचं. चार दिवसांत ती त्यांना माझ्यापेक्षा पाठ झाली.

त्या मुलखात कायदा लिहून ठेवत नसत. एक माणूस सगळा कायदा तोंडपाठ करी आणि वर्षातून एकदा सभेत मोठ्या खडकावर उभा राहून म्हणून दाखवी. मामंजींना हे फार पटलं. "म्हंजी तलाठीच, पर दप्तराबिगर." मग शंका. "तोंडी सातबारा म्हणायचा. आन् त्याला ठसका लागला तर? एखाद्याचं रान जायचं की मधल्या मधी."

आत्याबाईंना या भानगडीत रस नव्हता. त्यांना मी पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या राक्षसांच्या दोन कथा सांगितल्या, डोंगरात राहणारे अजस्र राक्षस, ऊन लागलं की त्यांचा दगड होतो. तेव्हापासून मामंजी ओसरीच्या कडेला सरकले की त्या आतून ओरडत, "मागं व्हा! दगूड व्हईल!"

एक गंमत मात्र मलाही आवडायला लागली. एखाद्या माणसाचं काम संपलं, की ते पुस्तक चक्क सांगून मोकळं होतं की हा आता गोष्टीतून गेला. मेला असेल, बोटीत बसला असेल, नाहीतर नुसता कंटाळा आला असेल. गेला म्हणजे गेला. मामंजींनी हे वाक्य उचललं. कामवाली बाई सोडून गेली, ती गोष्टीतून गेली. रिमोटचे सेल संपले, तोही गोष्टीतून गेला. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी भिंतीपलीकडचा काही विषय काढला, तर मामंजी थंडपणे म्हणाले, "त्यो कवाच गोष्टीतनं गेलाय."

भिंतीपलीकडे धाकटे मामंजी राहतात. सख्खे भाऊ. एकोणीस वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही.

कारण बांध. चिखलीतल्या आमच्या वावरात दोघांच्या वाटणीच्या मधोमध एक दगड होता, तो एका सकाळी हातभर सरकलेला निघाला. कोणी सरकवला, ते दोघांनाही माहीत आहे: दुसऱ्याने. पुढे ते वावरच गेलं. तिथे आता मोठी सोसायटी उभी आहे आणि माझ्या नवऱ्याच्या हिशेबाने तो बांध बरोबर तिच्या पोहण्याच्या तलावाखाली येतो. बांध बुडाला, भांडण मात्र पोहतंय. बायकांनी यात कधीच भाग घेतला नाही. माझ्या दोन्ही सासवा भिंतीवरून वाट्या देतात-घेतात आणि मामंजी धाकट्या भावाच्या घरची मेथी एकोणीस वर्षं 'आज भाजी बरी झालीय' म्हणत खात आलेत.

पण ही भिंत आता जाणार होती. धाकट्या मामंजींच्या मुलाने रावेतला फ्लॅट घेतला होता, जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं आणि येत्या रविवारी सामान हलायचं होतं. मटार सोलता सोलता आत्याबाईंनी मला हे सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला. "हितं निदान खोकला तरी ऐकू येतोय एकामेकाचा. तिकडं गेल्यावर आता मयतालाच भेटतील. आन् त्यात एक जण आडवा आसंल." मला हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज वाटली.

गुरुवार आला. आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते आणि कारखाने बंद असतात. समोरच्या गाळ्यातलं प्रेस मशीन, जे एरवी दर तीन सेकंदाला आमची भांडी वाजवतं, तेही गप्प. मी तीन वाजता पुस्तक उघडलं, वंशावळ म्हटली, आणि भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग खोकला. तो खोकला आम्ही सगळे ओळखतो.

मी मामंजींकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते कळत नव्हतं.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई."

ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं. कान असे तिखट, की शेजारच्या गल्लीत कुणी त्यांचं नाव घेतलं तरी ऐकू जातं. मी मोठ्याने वाचलं.

आणि नेमकं त्याच दिवशी पुस्तकात ते आलं. जहाजवाल्याच्या दोन मुलांनी शेत वाटून घेतलं होतं, मधे ओढा, ओढ्याकाठी खुणेचा दगड. एका सकाळी तो दगड पाऊलभर सरकलेला. मी वाचता वाचता थबकले, पण पुढच्या ओळी तोंडातून निघून गेल्या होत्या. मी काय करू? मला काय ठाऊक, की आठशे वर्षांपूर्वी कोणी बर्फात बसून आमच्या घरची लाज लिहून ठेवलीय!

मग मामंजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "धाकट्यानं सरकावला."

"कोणी सरकवला ते पुस्तकात दिलेलं नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं. त्या गोष्टींची ही एक खोडच आहे. माणूस काय बोलला, काय केलं, एवढंच सांगायचं. मनात काय होतं, राग आला की दुःख झालं, अक्षर नाही. मला याचा भयंकर राग येतो. बोला ना बाबांनो! पण मामंजींना काही अडलं नाही. "लिवायला कशाला पायजे? दिसतंय की."

शुक्रवारी सकाळी भिंतीवरून चवळीची उसळ आली, सोबत निरोप. धाकट्या आत्याबाई कुजबुजल्या, "हे म्हणत्यात, दगूड थोरल्यानं हलवला. पुस्तकात नीट बघा म्हणावं." मी तो निरोप आत दिला. "मोजणी झाली व्हती का, इचार," आतून उत्तर. मी ते बाहेर दिलं. दुपारी रिकाम्या वाटीबरोबर, "मोजणीच्या दिवशी थोरला हजर न्हवता." वाचकहो, ही दोन माणसं आइसलंडच्या जमिनीबद्दल बोलत होती. निदान मी तसं समजत होते.

संध्याकाळी शेवटचा वार झाला. धाकट्या मामंजींचं म्हणणं पडलं, की असं काही पुस्तकच नाही. "सून शिकलेली हाय. गाव बदलून आमची अब्रू काढती."

झालं. मी तरातरा भिंतीपाशी गेले आणि ती पुस्तकाची वीट पलीकडे धरली. "बघा! मी छापलंय का हे?" धाकट्या मामंजींनी पुस्तक हातात घेतलं. इंग्रजी त्यांना येत नाही, पण त्यांनी कागद चिमटीत धरून पाहिला, बांधणी वाकवून पाहिली, एका पानाचा वास घेतला. "छापलंय खरं," ते म्हणाले. मग बारीक डोळे करून, "पर कुणाच्या सांगण्यावरनं?"

मी पुस्तक ओढून घेतलं आणि चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचून काढलं. थोरला धाकट्याच्या घराला बाहेरून कडी लावून आग लावतो. पुढच्या उन्हाळ्यात थोरल्याला धाकट्याचा मेहुणा मारतो. मेहुण्याला लंगडा. शेवटी दोन्ही घरं ओस पडतात आणि नातू तो दगड उंबऱ्याला बसवतो. संपलं. हे मी या दोघांना वाचून दाखवू? रविवारी टेम्पो येणार आहे आणि निरोप म्हणून मी जाळपोळ देऊ?

वाचायचं तर एकाच ओसरीवर, दोघं समोर, असं मी दोन्ही बाजूंना कळवून टाकलं. मी काही पोस्टमन नाही. मनात म्हटलं, शेवट काय करायचा तो मी ऐन वेळी बदलेन, मिठी मारायला लावेन दोघांना, आइसलंडवाले काय चिखलीला तपासायला येणार आहेत? पण मानपान आडवा आला. मामंजी म्हणाले, "मी बोलवणार न्हाई." पलीकडून उत्तर, "बोलवल्याबिगर येणार न्हाई." शनिवारी मी वाचलं नाही. दोन्ही घरांत तीन वाजता खुर्च्या सरकल्या आणि तासभराने गुपचूप परत गेल्या.

रविवारी दहाच्या सुमारास टेम्पो आला. कपाट निघालं, पलंग निघाला, देव्हारा चादरीत गुंडाळून निघाला. मामंजी ओसरीवर रस्त्याकडे पाठ करून बसले होते.

"वाच," ते एकदम म्हणाले.

"दोघं असतील तर."

"निदान पयलं पान तरी म्हण. कुणाचा कोण त्ये."

"नाही." माझा आवाज चढला होता आणि थोडा फुटलाही होता. मला दोघांचाही संताप आला होता. सामान निघालं तरी यांचं तोंड उघडत नव्हतं.

मामंजी मांडीवर हात ठेवून, अगदी मी वाचते त्या सुरात, मोठ्याने सुरू झाले.

"एक माणूस व्हता. त्यो दोन बैलं आन् एक इधवा भैन घिऊन ह्या गावात आला. त्याचा ल्योक पैलवान. पैलवानाची पोरगी दिली तळवड्याला, तिचा दीर तोतरा. पैलवानाचा ल्योक, ज्यानं हिर खांदली आन् पाणीच लागलं न्हाई. त्याचा ल्योक आमचा बा. हयातीत कुणाला वाईट बोलला न्हाई. त्याला पोरं झाली दोन."

पलीकडे कोणीतरी दोरी आवळत होतं. ते आवळणं थांबलं.

"तीन," भिंतीपलीकडून आवाज आला.

आत्याबाई हातात तांदळाचं ताट घेऊन दारात उभ्याच राहिल्या.

"तीन पोरं," धाकटे मामंजी म्हणाले. आवाज चिडका होता, चुकीचा आकडा सहन न होणाऱ्या माणसाचा. "मधला इसरलास. सा वर्साचा व्हऊन तापानं गेला, म्हणून काय त्यो नव्हता व्हय? तुझ्या खांद्यावर बसून शाळंत यायचा. सांगायचं तर नीट सांग."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून त्यांनी हा मधला पहिल्यांदा ऐकला होता. गोष्टीतून गेला म्हणजे इतका गेला होता.

मामंजींच्या काळ्या चष्म्याखालून गालावर पाणी यायला लागलं, दोन्ही बाजूंनी. डोळा पुसायचा नाही असं बजावलेलं, म्हणून ते हात मांडीवर दाबून तसेच बसले, आणि पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर पडत राहिलं. मी कापूस घेऊन धावले आणि गालापर्यंतच टिपलं. माझ्याच डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "तीन."

थोड्या वेळाने फाटक वाजलं. धाकटे मामंजी आत आले आणि फाटकाला धरून उभे राहिले.

"तू बोलवलंस?" त्यांनी विचारलं.

"मी कुटं बोलवलं?"

"मग मी आलो न्हाई," असं म्हणून ते ओसरीवर येऊन बसले.

मी पुस्तक मांडीवर घेतलं, मिठीचा शेवट मनात तयार केला, घसा साफ केला. कोणी माझ्याकडे बघेना. मधला कुठल्या आंब्याखाली पुरला यावर दोघांचं जुंपलं होतं. आंब्यावरून विहिरीवर आले, विहिरीवरून वावरात, आणि पाच मिनिटांत हात उडायला लागले. "दगूड तूच सरकावलास!" "आरं जा! तूच!" एकोणीस वर्षांचं साठलेलं, तोंडावर तोंड देऊन, गल्ली ऐकत होती. आत्याबाईंनी हसत हसत चहाचं आधण वाढवलं. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्याचा शेवट आजतागायत मला कुणी विचारलेला नाही.

टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग फाटकातून डोकावला. "काका, सगळं लोड झालं. चलायचं ना?"

धाकट्या मामंजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू हो म्होरं," ते म्हणाले. "आमी आजून बांधावरच हाय."